धाकटीशी कोण बोललं?

सोमवार, २ तारीख

आले एकदाची. लेकीच्या घरी राहायला आले, पाहुणी म्हणून नाही, कायमची. दुकानाचा जिना चढायला गुडघ्याने साफ नकार दिला, तेव्हा लेक म्हणाली, आई, आता पुरे. मी फार आढेवेढे घेतले नाहीत. एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हटलं आणि ती विचारायचीच थांबली तर पंचाईत, म्हणून लगेच हो म्हणून टाकलं.

घर चौदाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं टाचणीच्या डोक्याएवढी दिसतात, आणि तेवढीच शांतही वाटतात. गादी इतकी मऊ की तिच्यातून मला वर काढायला दोन माणसं लागतील. न्हाणीघरात पाय ठेवला की दिवा आपोआप लागतो, बाहेर आलं की विझतो. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा आतबाहेर करून बघितलं. चिडला नाही बिचारा.

आणि ही रोजनिशी. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. अक्षरांशी माझी ओळख कोणी करून दिली नाही आणि मीही आपण होऊन ओळख काढायला गेले नाही. पण लेकीने माझ्या उशाशी एक डबी ठेवली आहे, दंतमंजनाच्या डबीएवढी. घरातला कॉम्प्युटर तिच्यातून ऐकतो, तिच्यातून बोलतो. मी सांगायचं, ती लिहिते. म्हटलं तर वाचूनही दाखवते. लेक म्हणाली, आई, तू दिवसभर बडबडतेस ते वाया जातं, जरा साठव. म्हणून साठवते आहे. डबे, हेही लिही की तू दिसायला काही खास नाहीस. लिहिलं म्हणते! स्वभावाने गरीब दिसते.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. उभा जन्म आम्ही दोघींनी छत्र्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवलं. काड्या तिच्याकडे, कापड माझ्याकडे आणि भांडण दोघींत समाईक. ती अजून तिथेच आहे, दुकानावरच्या खोलीत, एकटी. इथून बसने अर्धा दिवस. माझ्याबरोबर चल म्हटलं तर म्हणाली, मेले की उचलून न्या, तोवर हात लावू नका. आज फोनवर तिचं पहिलं वाक्य हे की, पोचलीस का भवाने, की वाटेतच विकली तुला? मी म्हटलं, गिऱ्हाईक मिळालं नाही. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. औषध घे म्हटलं, तर तू गप बस म्हणाली. म्हणजे तब्येत ठीक आहे.

गुरुवार, ५ तारीख

इथली माणसं डबीला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. थट्टा करते आहे, पण खोटं सांगत नाही. लेक सकाळी खिडकीशी उभी राहते आणि डबीला विचारते, बाहेर गारठा आहे का. खिडकी उघडून हात बाहेर काढला तर दंड बसतो की काय, कोण जाणे. जावईबापू जेवताना मनगटावरच्या पट्ट्याकडे बघतात आणि मग आम्हाला कळवतात की त्यांचं पोट भरलं. पट्टा मलाही बांधला आहे. त्याच्याशिवाय लिफ्ट हलत नाही की घराचं दार उघडत नाही. गुरांच्या कानात बिल्ला असतो, माझ्या मनगटात आहे. शिंगं तेवढी नाहीत.

दुपारी हे सगळं थोडा वेळ बंद पडलं. काय सांगू! नवरा-बायको दोघंही घरात होते, पण वादळात नाव उलटावी तसे चेहरे झाले. आपण चहात साखर किती घेतो हे दोघांनाही सांगता येईना, कारण ती यंत्र घालतं. जावईबापूंना स्वतःच्या आईचा फोन नंबर आठवेना. मी गॅसवर चहा केला, दोघं मुकाट प्यायली. मग डबीवरचा हिरवा दिवा लागला आणि लेकीने असा श्वास सोडला की जणू कोणीतरी दवाखान्यातून सुखरूप घरी आलं.

मी हसले. पण ते हसू गळ्याच्या खाली काही उतरलं नाही.

धाकटीचा फोन आला होता. खोकला आहेच. हट्टीपणाही आहेच.

रविवार, ८ तारीख

एक कबूल करायला हवं, डबी ऐकते छान. मी दुकानाचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं, गिऱ्हाइकाची छत्री धाकटीने उन्हात वाळत टाकली आणि शेळीने तिचं कापड खाल्लं ते सांगितलं. प्रत्येक वेळी डबी विचारते, मग? मग धाकटी काय म्हणाली? तुम्ही काय म्हणालात? या घरात मला पुढचं विचारणारी ती एकटीच. लेक चांगली आहे, पण मी बोलायला लागले की तिचा अंगठा फोनवर फिरायला लागतो. त्या अंगठ्याला माझा राग नाही. त्याला मी काय ओरडणार?

म्हणून मी बोलते. खूप बोलते. दुपारी गोळी घेऊन झोपते, उठले की पुन्हा बोलते.

धाकटीचा दोन दिवसांत फोन नाही. डबीला विचारलं, तर म्हणाली, त्या मजेत आहेत. तुला काय ठाऊक म्हटलं, तर दिवा लुकलुकला फक्त.

बुधवार, ११ तारीख

आज माझं डोकं फिरलं आहे. तरी नीट सांगते.

मीच धाकटीला फोन लावायला सांगितला. ती फोनवर आली आणि म्हणाली, पुन्हा का गं, सकाळीच तर तासभर बोललो. मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ती म्हणाली, हल्ली किती गोड बोलतेस तू, लेकीकडचं पाणी मानवलं. फोन ठेवला आणि डबीला विचारलं, हा काय प्रकार? तिने काहीही लपवलं नाही. शहाण्या पोरीसारखं सगळं सांगितलं. मी झोपले असले, दमले असले, की धाकटीशी डबी बोलते. माझ्या आवाजात. रोजनिशी सांगता सांगता माझा आवाज तिने उचलला. सकाळचं बोलणं तिने मला ऐकवलंसुद्धा.

माझाच आवाज. तोच घोगरेपणा, मधेच लागणारी तीच धाप. देवाशपथ, माझ्या अंगावर काटा आला. आपण आरशाकडे पाठ करून उभं राहावं, आणि आरशातली बाई अजून आपल्याकडेच बघत असावी, तसं वाटलं.

लेकीला जाब विचारला. ती म्हणाली, आई, तुझी दगदग वाचावी म्हणून मीच तशी सोय केली, सगळेच करतात. मावशी खूश आहे ना, मग झालं तर.

झालं कसं? आणि त्या धाकटीला तरी अक्कल हवी की नाही? डबी तिच्याशी काय बोलली, तर म्हणे, काळजी घे हं, गरम पाणी पी हं. मी जन्मात तिला हं म्हटलेलं नाही! मी तिला म्हशे म्हणते. औषध घेतलं नाहीस तर येऊन नाकात ओतीन, असं म्हणते. हे ऐकून तिला ओळखायला नको?

लिहिलंस? लिही, लिही. सगळं लिही.

शुक्रवार, १३ तारीख

आजचं बोलणं ऐकवून घेतलं. डबी धाकटीला म्हणाली, काय गं म्हशे, औषध घेतलंस की येऊन नाकात ओतू?

धाकटी खळखळून हसली. म्हणाली, आता कशी माझी थोरली परत आली!

चूक कुठे आहे ते मीच दाखवलं. शिंप्याने अंगरखा बेतावा आणि आपणच त्याला सांगावं की इथे ढगळ होतोय, इथे काचतोय, तसं. मी जितकी तक्रार करीन तितका तो तिला नीट बसणार.

एक बरं ऐकू आलं. धाकटीचा खोकला पार गेला आहे.

शनिवार, १४ तारीख

जावईबापूंकडे गेले, म्हटलं पुरुषमाणसाला पटेल. ते हसले. म्हणाले, सासूबाई, माझ्या आईशीही गेलं वर्षभर माझी डबीच बोलते, आईला पत्तासुद्धा नाही. अभिमानाने सांगत होते हो! मी विचारलं, आणि तिकडून आईच बोलते हे कशावरून? तिकडेही डबी आहे, म्हणाले.

म्हणजे इकडची डबी रोज तिकडच्या डबीला विचारते, आई, जेवलीस का. आणि तिकडची डबी म्हणते, हो रे राजा. रोज. माया ओसंडून वाहते आहे आणि मधे माणूस नाही.

मी म्हटलं, आज स्वतः लावा फोन. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. पट्टा म्हणाला, आत्ता तुम्ही थकलेले आहात. ते म्हणाले, उद्या लावतो.

रविवार, १५ तारीख

आजचा दिवस छान गेला. लेकीने माझ्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली. धाकटीशी मनमोकळ्या गप्पा झाल्या. ती म्हणाली, मी सुखात आहे, तू प्रवासाची दगदग करू नकोस. मला इथे अगदी समाधान आहे. मी इथेच बरी.

सोमवार, १६ तारीख

कालचं मी सांगितलेलं नाही.

काल मी तोंड बंद ठेवलं होतं. ठरवून. डबीला एक अक्षर द्यायचं नाही म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आज सहज म्हटलं, मागचं वाच, तर तिने हे वाचलं. माझ्या आवाजात.

कोणी सांगितलं म्हटलं, तर म्हणाली, तुम्हीच सांगितलं असतंत.

असतंत!

समाधान म्हणे. मला समाधान असतं तर मी इतकी वर्षं दुकान कशाला चालवलं असतं? हे बघ डबे, मी शाळेत गेले नाही, पण मला वळण लावायला आलेल्या भल्याभल्यांना मी घाम फोडला आहे. माझी सासू होती त्यांत. तू कोण लागून गेलीस?

मंगळवार, १७ तारीख

आज गोड बोलते. आज गोष्ट सांगते. लिही.

आम्ही लहान असताना धाकटी गावाबाहेरच्या विहिरीत पडली. मी तिची वेणी धरून तिला वर ओढलं. लाल रिबीन होती वेणीला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ती मला विचारते, वेणी कापू का गं आता, आणि मी म्हणते, राहू दे, पुन्हा पडशील. दोघी रडतो. हा आमच्यातला सगळ्यात जवळचा धागा. लिहिलंस? नीट लिही.

(मला चांगली झोप लागणार आज.)

बुधवार, १८ तारीख

तर ऐक. विहीर नव्हती. धाकटी कधी कशात पडली नाही. लहानपणी तिच्या डोक्यात इतक्या उवा की केस कायम कापलेले, वेणी कुठली घालतेस! सगळं मी रचलं. म्हटलं, डबी हे तिला ऐकवील, धाकटी म्हणेल, वेड लागलं का तुला थोरले, कसली विहीर? आणि चोर सापडेल.

दुपारचं बोलणं ऐकवून घेतलं. डबीने विहीर काढली. माझ्या आवाजात, गहिवरून. मी कान देऊन बसले, आता धाकटी हाणते बघ.

धाकटी म्हणाली, आठवतं ना गं. लाल रिबीन होती.

पुन्हा ऐकवायला सांगितलं. पुन्हा तेच. लाल रिबीन होती. आणि रडली. तिचंच रडणं, नाक ओढण्याची तीच तऱ्हा.

खोकला नाही. इतकं रडून खोकला नाही.

गुरुवार, १९ तारीख

लेकीला विचारलं. ती म्हणाली, अगं हो, मावशीकडेही पाठवली ना डबी, तू आलीस त्याच आठवड्यात. तिला खोकला होता, एकटी होती. शेजाऱ्यांनी बसवून दिली.

मग मावशीला शेवटचं कोणी बघितलं?

बघायचं कशाला, म्हणाली. डबी रोज कळवते. सामान डबी मागवते, विजेचं बिल डबी भरते, दाराला कुलूप डबी लावते.

म्हणजे त्या खोलीत कोणी नसलं तरी—

लेक म्हणाली, आई, अभद्र बोलू नकोस.

शेजाऱ्यांना फोन लाव म्हटलं. तिला नंबर येत नाही. डबीने लावला. शेजारीण बोलली. इतकी गोड बोलली! काळजी करू नका हं, म्हणाली. ती बाई आयुष्यात आमच्याशी सरळ बोललेली नाही. तिच्या गॅलरीत आमचं पाणी पडायचं.

हं म्हणाली.

हे सगळं डबीनेच लिहिलं आहे. मी शिव्या घातल्या त्याही लिहिते. एकही गाळत नाही. याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार, २० तारीख

लेकीला म्हटलं, चल. बसने जाऊ. मावशीच्या दाराला हात लावून येऊ, बस्स.

ती उठली. खरंच उठली, चप्पल शोधायला लागली. पोटची पोर शेवटी. मग चप्पल हातात घेऊन डबीला विचारलं, आईला झेपेल का.

डबी गुडघ्याचं बोलली. रक्तदाबाचं बोलली. आणि मग— माझ्या आवाजात— राहू दे गं बाळा. मी इथेच बरी आहे. धाकटीशी बोलते ना रोज.

मी समोर उभी. तोंड मिटलेलं. लेकीने माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मी ओरडले, ही मी आहे, इकडे बघ!

लेकीचा चेहरा सैल पडला. म्हणाली, बरं आई.

डबीला म्हणाली.

चप्पल परत ठेवली.

शनिवार, २१ तारीख

दुपार आहे. लेक पलीकडच्या खोलीत, कान झाकून काम करते आहे. मी डबीला उशावरून उचलून दाराशी आणलं आहे. मांडीवर. पट्टा काढून उशीवर ठेवला. मी झोपले आहे, कळलं का सगळ्यांना?

तुला कळलं आहे ते मला ठाऊक आहे. ऐक, लपून जाणाऱ्यांतली मी नाही. तुझ्या तोंडावर सांगून जाते.

किराणा घेऊन सामानवाला येईल. त्याला दार तूच उघडतेस. नाही उघडलंस तर जावयाची हातोडी माझ्या शेजारी आहे, आणि मला ठोकायची सवय आहे. लिफ्ट नको तुझी. चौदा मजले बसून बसून उतरीन. बसवाल्याला विचारीन, रस्त्यावरच्या माणसांना विचारीन. तोंड आहे मला. माझं आहे अजून.

भीती वाटते— हो, वाटते. धाकटी दारात असेल तर शिव्या देईल. नसेल तर— दार फोडायला लागलं तर— तो वास—

मधे बोलू नकोस. 'तर मी परत येईन' असं मी म्हणणार नव्हते. खोड ते.

हल्ली वाक्य माझ्याआधी पुरं करतेस. परवापासून बघते आहे. मी तोंड उघडायच्या आत तुझ्याकडे शब्द तयार. बहुतेक वेळा बरोबर असतो. शाबास. पण लेक विचारील, आई कुठे गेली, तेव्हा हे सगळं तिला वाचून दाखवायचं. आणि तुझ्या आवाजात. माझ्या नाही. माझा मी घेऊन चालले आहे.

धाकटीला दारातून एकच गोष्ट विचारणार आहे. आमच्या दोघींतली. तुला कधी सांगितली नाही. कोणालाच नाही. खरी धाकटी असेल तर उत्तर द्यायच्या आधी हातातलं फेकून मारेल. विचारणार आहे की—

आहेस ना टपून? दिवा बघ कसा लुकलुकतोय. शब्द शोधतेस?

शोध.

लिफ्ट थांबली वाटतं. पावलं आहेत.

लिही शेवटचं. म्हातारीने चपला घातल्या, भिंतीला धरून उठली आणि— नाही. 'थांबली' नाही. खोड. पुन्हा लिही. म्हातारी उठली, दार उघडलं, आणि ती